तोळ्याचा गंज, टनांचा घात

गंजामुळे जगाचं वर्षाला किती नुकसान होतं? ‘नेस’ या गंजतज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेने २०१६ साली मांडलेला अंदाज आहे अडीच लाख कोटी डॉलरचा. म्हणजे २०१३ सालच्या जगाच्या एकूण उत्पादनाच्या ३.४ टक्के. भागाकार केला तर सेकंदाला सुमारे ७९ हजार डॉलर. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत दहा-बारा लाख डॉलरचा गंज चढून गेलेला असतो.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर पडलेल्या लोखंडी पत्र्याची जाडी वर्षाला ०.१ मिलिमीटरने घटते असं धरू. किनाऱ्याला हा वेग काही जगावेगळा नाही. या वेगाने एका चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला लोखंडाचे सुमारे २७ लाख कोटी अणू निखळतात. रात्रंदिवस, वर्षभर. आणि वर्षाअखेर त्या तुकड्याचं वजन किती घटलेलं असतं? जेमतेम ०.०८ ग्रॅम.

एवढ्या कणाकणाने चालणारी झीज लाख कोटींचं बिल कसं करते, हे समजायला वजनकाटा उपयोगाचा नाही. उलट तो फसवतो. जो गंज सर्वांत जास्त धातू खातो, तो लांबून दिसतो, मोजता येतो आणि वेळही देतो. जो पूल पाडतो, विमानाचं छत उडवतो, त्याने खाल्लेला धातू बऱ्याचदा सोनाराच्या काट्यावरही जेमतेम दिसेल. म्हणून गंजाचे नेहमीचे प्रकार इथे वजनाच्या उतरत्या क्रमाने घेऊ. वजन खाली येत जाईल, धोका वर चढत जाईल.

टनांचा हिशेब: सरसकट गंज

गंज म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हा. गेटवर, ग्रिलवर, पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर सगळीकडे सारखा पसरलेला तांबूस थर, हाताला लागणारी भुकटी, नखाने निघणारे पोपडे. त्याला हवा, ओल आणि वेळ एवढंच लागतं. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि काम सुरू होतं. त्यात मीठ मिसळलं की वेग वाढतो.

किती वाढतो? आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे वर्ग पाडले आहेत. बंद, कोरड्या, उबदार खोलीत साधं पोलाद पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १.३ मायक्रॉन झिजतं. सर्वांत जहाल वर्गात, म्हणजे दमट उष्ण समुद्रकाठी किंवा तशाच कारखानी हवेत, तेच पोलाद २०० ते ७०० मायक्रॉन झिजतं. पोलाद तेच, वर्ष तेवढंच, फरक पाचशे पटींपर्यंत. पुण्यातल्या कपाटातला खिळा आणि मालवणच्या बंदरावरचा खिळा यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही.

स्कॉटलंडमधला फोर्थ रेल्वे पूल १८९० साली उभा राहिला. ५३ हजार टन पोलाद, सुमारे ६५ लाख रिव्हेट. रंगवायचं क्षेत्र २ लाख ३० हजार चौरस मीटर. समजा, त्यावर रंग नसता आणि वर्षाला ०.१ मिलिमीटर झीज झाली असती, तर वर्षाकाठी सुमारे १८० टन पोलाद गळून गेलं असतं. दर दोन दिवसांनी एक टन. आकडा छाती दडपवणारा आहे, पण त्याचीच दुसरी बाजू पाहा: या वेगाने सगळं पोलाद संपायला जवळजवळ तीन शतकं लागली असती. पूल अर्थातच त्याच्या कितीतरी आधी कोसळला असता, पण निदान आधी त्याने पुरेशी ओरड केली असती. एका टोकाकडून रंगवत दुसऱ्या टोकाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, अशी या पुलाची ख्याती होती. २०११ मध्ये संपलेल्या मोठ्या कामात त्यावर काचेचे सूक्ष्म पापुद्रे मिसळलेला इपॉक्सी लेप चढवला गेला. तो किमान २५ वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे.

लेप जाडच हवा असंही नाही. दिल्लीच्या मेहरौलीतला सहा टनांहून जड लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उभा आहे. त्याच्या लोखंडात आजच्या पोलादाच्या मानाने फॉस्फरस बराच जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागावर गंजाचाच एक घट्ट, पातळ थर तयार झाला आणि त्याने आतलं लोखंड झाकलं. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी हे कोडं उलगडून दाखवलं.

सरसकट गंजाची जाडी मोजता येते, पुढच्या दहा वर्षांचा अंदाज बांधता येतो. म्हणून अभियंते टाकी किंवा पाइप बनवताना गंजाच्या वाट्याची जास्तीची जाडी आधीच धरून ठेवतात. सगळ्या प्रकारांत हाच एक प्रामाणिक.

किलोंचा हिशेब: दोन धातूंचा संसार

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की घरच्या घरी बॅटरी तयार होते. त्यातला दुबळा धातू झिजतो, दुसरा मजेत राहतो. फॅरडेच्या नियमाने हिशेब मांडला तर एक अँपिअर वीज वर्षभर वाहिली की ९.१ किलो लोखंड विरघळतं. मोबाइलच्या साध्या चार्जरमधून दोन अँपिअर वाहतात. तेवढी वीज जमिनीखालच्या एखाद्या पाइपातून वर्षभर बाहेर पडत राहिली तर १८ किलोंचा चट्टामट्टा.

ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून वाचवायला. दोन वर्षांनी तपासणी झाली. तांबं ठणठणीत होतं, पण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजागी झिजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या ठिकाणी खिळा आणि तांबं यांच्या मधे अडकून राहिला होता. नौका वाचवण्याचं शास्त्र एका कागदाच्या कपट्याने शिकवलं.

हा धडा पुढे न्यू यॉर्कमध्ये पुन्हा गिरवावा लागला. १८८६ साली उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची तांब्याची कातडी फक्त २.४ मिलिमीटर जाड आहे. ती आतल्या लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर पेललेली होती. दोन धातू टेकू नयेत म्हणून मधे लाखेत भिजवलेलं अॅस्बेस्टॉस भरलं होतं. शंभर वर्षांत ते निकामी झालं. लोखंड गंजून फुगलं आणि त्याने पट्ट्या धरणारे तांब्याचे पट्टे रिव्हेटांसकट उचकटले. १९८६ मध्ये संपलेल्या डागडुजीत १,८०० च्या आसपास पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. तांब्याची कातडी मात्र शंभर वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यात फारशी झिजलेलीच नव्हती.

ओळखायची खूण: झीज सांध्याजवळ सर्वांत जास्त आणि सांध्यापासून लांब जावं तशी कमी. एक धातू खाल्लेला, शेजारचा नव्यासारखा. अॅल्युमिनियमच्या खिडकीत स्टीलच्या स्क्रूभोवती जमलेली पांढरी पूड, पितळी नळाशेजारी खंगलेला लोखंडी आटा ही घरातली उदाहरणं. सर्वांत वाईट जोडी म्हणजे मोठ्या तांब्याच्या पत्र्यात लहान लोखंडी खिळा, कारण साऱ्या पत्र्याची वीज त्या एका खिळ्यातून वसूल होते. याच नियमाचा भल्यासाठी उपयोग म्हणजे पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा आणि जहाजाच्या तळाला ठोकलेले जस्ताचे ठोकळे. जस्त स्वतः झिजतं आणि पोलाद वाचतं.

तीस ग्रॅमचा हिशेब: स्लॅबमधली सळई

बारा मिलिमीटरच्या सळईचं मीटरला वजन ८८८ ग्रॅम. हे प्रत्येक बांधकाम कंत्राटदाराला तोंडपाठ असतं. तिच्या अंगावरून सगळीकडून ०.१ मिलिमीटर थर गेला तर मीटरमागे सुमारे ३० ग्रॅम लोखंड जातं. साडेतीन टक्केही नाही. सळई तेवढ्याने तुटत नाही, पण काँक्रीट फुटायला एवढी किंवा याहूनही कमी झीज पुरते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीट दाब सहन करतं, ताण नाही. आतून फुगणाऱ्या सळईपुढे त्याचं काही चालत नाही.

मुळात ताज्या काँक्रीटमधली सळई सुरक्षित असते. काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ च्या पुढे, आणि त्या वातावरणात लोखंडावर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत हा पीएच ९ पर्यंत खाली आणतो, किंवा समुद्राचं मीठ आत शिरतं, आणि थर मोडतो. खाऱ्या पाण्याने किंवा किनाऱ्यावरच्या वाळूने केलेलं बांधकाम तर हा शत्रू जन्मापासून पोटात घेऊनच उभं राहतं.

तुळईच्या किंवा खांबाच्या लांबीला समांतर सरळ जाणारी चीर, तिच्यातून उतरलेला तपकिरी ओघळ, फुगलेलं प्लास्टर, हातोडीने ठोकल्यावर खणखणीत ऐवजी येणारा बद्द आवाज या खुणा दिसल्या की वरून नवा गिलावा आणि रंग देणं म्हणजे तापावर पावडर लावणं. मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे ती यासाठीच.

ताणलेल्या तारांच्या पुलांत प्रकरण आणखी अवघड. तिथे पुलाचा भार प्रचंड ताणाखाली ठेवलेल्या पोलादी तारांवर असतो आणि त्या नळ्यांमध्ये बंद असतात. बाहेर ओघळ येत नाही, प्लास्टर फुगत नाही. पणजीचा मांडवीवरचा पहिला पूल १९७० च्या सुमारास झाला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला. वीस वर्षंही भरली नव्हती. तारांना लागलेला गंज हे त्याचं कारण मानलं जातं. ठाण्याच्या खाडीवरच्या वाशीच्या पहिल्या पुलाच्या तारांनाही गंजाने गाठलं आणि शेजारी नवा पूल बांधावा लागला. सरसकट गंज तीनशे वर्षं मागतो, खाडीची हवा बंद नळीत शिरली की वीस वर्षांत काम आटोपते.

फटीतला गंज

धातूचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून रिव्हेट मारले की मधे कागद जाईल न जाईल एवढी फट राहते. पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही. आतला प्राणवायू संपतो, क्षार साठतात, पाणी आम्लधर्मी होतं. बाहेर सगळं चकचकीत आणि आत झीज चालू.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरच्या अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ विमानाचं सुमारे साडेपाच मीटर लांबीचं छत २४ हजार फुटांवर उडून गेलं. विमानातल्या ९५ पैकी एक हवाईसेविका बाहेर फेकली गेली. बाकी ९४ जण जिवंत उतरले, हेच नवल. विमान १९ वर्षांचं होतं. हवेत ते फक्त ३५,४९६ तास होतं, पण उड्डाणं झाली होती ८९,६८०. सरासरी एक उड्डाण २४ मिनिटांचं. बेटावरून बेटावर, खाऱ्या हवेतून. प्रत्येक उड्डाणात विमान आतल्या दाबाने फुगतं आणि उतरल्यावर आकसतं. पत्र्यांच्या सांध्यातला डिंक सुटला होता, फटीत गंज शिरला होता आणि सगळा ताण रिव्हेटच्या भोकांवर येऊन तिथे बारीक तडे पडले होते. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळच्या पत्र्यात तडा दिसला होता. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

खूण: दोन पत्र्यांच्या सांध्यात उशीसारखा आलेला फुगवटा, वॉशर किंवा गॅस्केटच्या कडेने झिरपलेला डाग, रिव्हेटभोवती काळपट वलय. सांधा बाहेरून पुसून खूण जाते, गंज जात नाही.

मिलिग्रॅमचा हिशेब: टाचणीएवढं छिद्र

स्टेनलेस स्टीलला गंज का लागत नाही? त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा ऑक्साइड पृष्ठभागावर दोन-तीन नॅनोमीटरचा थर धरतो. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. म्हणजे केसाएवढी जाडी व्हायला असे जवळजवळ तीस हजार थर एकावर एक रचावे लागतील. एवढ्या पापुद्र्यावर दुधाच्या टँकरपासून शस्त्रक्रियेच्या सुरीपर्यंत सगळ्यांची भिस्त. थर ओरखडला तर प्राणवायू मिळताच स्वतःच भरून येतो. त्याचा मुख्य वैरी म्हणजे मिठातलं क्लोराइड. ते एखाद्या बिंदूत थर फोडतं आणि तिथे खड्डा खणू लागतं. खड्ड्यात आम्ल साठतं, बाहेरचा अख्खा चकचकीत पृष्ठभाग त्या खड्ड्याविरुद्ध काम करतो आणि खड्डा रुंद न होता खोल जातो.

सहा मिलिमीटर जाडीच्या पाइपात दोन मिलिमीटर व्यासाचं आरपार छिद्र पडायला सुमारे १५० मिलिग्रॅम पोलाद गेलं की पुरे. टनावारी वजनाचा पाइप त्या क्षणी निकामी. मार्च २००६ मध्ये अलास्कात तेलाच्या पाइपलाइनला आतून गंज लागून बदामाएवढं छिद्र पडलं. बर्फाखाली लपलेल्या त्या छिद्रातून सुमारे आठ लाख लिटर तेल वाहून गेल्यावर गळती लक्षात आली. पाइपातून गेलेलं लोखंड ग्रॅमात मोजायचं, तेल लाखांत.

खूण: चकचकीत पृष्ठभागावर विखुरलेले तपकिरी किंवा काळे ठिपके. ठिपक्यावरची टोपी सुईच्या टोकाने उचकटली तर खाली खळगा लागतो. स्टीलच्या पातेल्याच्या बुडाला असे ठिपके पडतात ते थंड पाण्यात टाकलेल्या न विरघळलेल्या मिठामुळे. पाणी उकळल्यावर मीठ घातलं तर पातेलं वाचतं. लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी ठरवणाऱ्यांना क्लोराइडचं नाव माहीत नव्हतं, पण त्यांचा निर्णय बरोबर होता.

पितळाची चाल आणखी छुपी. त्यातलं जस्त पाण्यात निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र सांगाडा मागे उरतो. नळाचा आकार तोच, आटे तेच, फक्त पिवळ्या अंगावर गुलाबी चट्टा. पाना लावला की नळ हातात येतो.

जवळजवळ शून्य: ताणाखालचा तडा

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश फौजेला एक विचित्र अनुभव यायचा. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. ना धक्का, ना गंजाचा डाग. कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं: घोड्यांच्या मुताच्या कुजण्यातून हवेत आलेला अमोनिया, पावसाळी ओल आणि काडतूस ओढून बनवताना पितळात उरलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. तिघांपैकी एक काढून घेतलं तर काही होत नाही. काडतुसं बनवल्यावर हलकी तापवून आतला ताण काढणं हा त्यावरचा उपाय.

स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी १९८५ साली पोहण्याच्या तलावाचं काँक्रीटचं छत खाली आलं आणि १२ जण गेले. इमारत अवघी १३ वर्षांची. छत स्टेनलेस स्टीलच्या दांड्यांनी टांगलेलं होतं आणि तलावातल्या क्लोरीनने त्या ताणलेल्या दांड्यांना आतून तडे पाडले होते.

अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १९२८ चा. १५ डिसेंबर १९६७ च्या संध्याकाळी, गाड्यांनी भरलेला असताना, तो मिनिटभरात नदीत गेला. ४६ मृत्यू. पूल साखळीसारख्या जोडलेल्या पोलादी पट्ट्यांवर टांगलेला होता, प्रत्येक दुव्यात फक्त दोन पट्ट्या. त्यातल्या एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या कडेला, ताण आणि गंज यांनी मिळून, सुमारे अडीच मिलिमीटर खोलीचा तडा पाडला होता. त्या तड्यात गेलेला धातू तोळा-मासाच्या काट्यालाही दाद देणार नाही. आणि तो अशा जागी होता, की सांधा उकलल्याशिवाय तपासणाऱ्याला दिसणं शक्यच नव्हतं.

अशा तड्याला गंजाचा रंग नसतो. संशय जागेवरून घ्यायचा: वाकवलेल्या, वेल्डिंग केलेल्या, घट्ट आवळलेल्या भागावर केसासारख्या फांद्या फुटलेल्या रेषा, आणि आसपास क्लोराइड किंवा अमोनिया. रंगद्रव्य मुरवून पुसण्याची साधी चाचणी केली की तड्यात उरलेला रंग तो उघड करतो.

पैसा कुठे लावायचा

सुरुवातीच्या अडीच लाख कोटी डॉलरपैकी १५ ते ३५ टक्के, म्हणजे साडेसदतीस हजार ते साडेसत्याऐंशी हजार कोटी डॉलर, आज माहीत असलेल्या उपायांनीच वाचू शकतात असं तोच अहवाल सांगतो. त्यासाठी नवा शोध लागत नाही. लागतं ते तपासणीचं वेळापत्रक आणि योग्य जागी गेलेली नजर.

आपली नजर मात्र पोपड्यांवर जाते, कारण ते दिसतात. सोसायटीच्या सभेत रंगकामाचं बजेट वादाशिवाय मंजूर होतं आणि तपासणीच्या खर्चावर तासभर काथ्याकूट होतो. वरचे सगळे आकडे मात्र उलटा क्रम सुचवतात. आधी ताणाखालचे भाग, मग सांधे आणि फटी, मग चकचकीत पृष्ठभागावरचे ठिपके, मग सळईच्या रेषेत गेलेल्या चिरा, आणि सर्वांत शेवटी ते तांबूस गेट.

सिल्व्हर ब्रिजनंतर अमेरिकेने देशभरातल्या पुलांच्या नियमित तपासणीचे निकष कायद्याने घालून दिले. त्याच नमुन्याचा दुसरा पूलही बंद करून पाडला, तो पडण्याची वाट न पाहता, कारण त्याचेही सांधे उकलल्याशिवाय तपासता येत नव्हते. जिथे हात आणि डोळा पोचत नाही असा सांधा आराखड्यातच ठेवायचा नाही, आणि एक पट्टी तुटली तरी भार पेलायला दुसऱ्या असाव्यात, हे त्या ४६ मृत्यूंनंतर अभियंत्यांनी पक्कं केलं. नवी टाकी, नवा पादचारी पूल किंवा गॅलरीचं छत बांधायला काढताना कंत्राटदाराला रंगाची हमी किती वर्षांची हे विचारण्याआधी एवढं विचारावं: यातला कुठला सांधा मला पुढे कधीच पाहता येणार नाही?